दोन शून्यांमधलं पाणी

बंदराच्या नियोजन कचेरीत तिला सगळे पट्टीबाई म्हणत. नकाशे संगणकावर निघायला लागून वीस वर्षं झाली, तरी ही बाई पर्समध्ये त्रिकोणी मोजपट्टी घेऊन फिरायची आणि कुणाचं लक्ष नसलं की पडद्यावरच्या रेषेला ती लावूनही बघायची. वय एकोणपन्नास. हातात पदवी नव्हती. मोठ्यांचे नकाशे गिरवता गिरवता एक दिवस तिचं ती काढायला लागली, एवढंच तिचं शिक्षण. पण तिच्या निम्म्या वयाचे इंजिनियर सही करण्याआधी कागद हळूच तिच्या टेबलावर सरकवायचे आणि ‘जरा नजर टाका ना’ म्हणायचे. त्यातच तिला पगार मिळाल्यासारखं वाटायचं.

चौदा महिने ती एकच काम करत होती. जुन्या कोळशाच्या धक्क्यावर क्रूझ टर्मिनल व्हायचं होतं. म्हणजे प्रवाशांची मोठी जहाजं लागणार, माणसं उतरणार, शहर बघणार, संध्याकाळी पुन्हा चढून जाणार. पहिल्याच दिवशी तिने त्या जहाजाची बाह्यरेषा नेहमीच्या कागदावर नेहमीच्या प्रमाणात टाकायला घेतली, तर कागद संपला आणि जहाज संपेना. तीनशे चाळीस मीटर. तिने दुसरा कागद जोडला. मग मागे सरकून ती बराच वेळ त्या दोन कागदांकडे बघत राहिली. ती राहायची ती गल्ली, पुढचा चौक, त्यापुढची शाळा, सगळं त्या एका रेषेत मावलं असतं, आणि वर अठरा मजले. शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही, मी आपली किती लहान आहे ते मोजत होते.

घर बंदरामागच्या दुसऱ्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. तिथे ती आणि अप्पा. अप्पा म्हणजे तिचे वडील. अख्खं बंदर त्यांना भरतीमास्तर म्हणून ओळखे. धक्क्याच्या टोकाला एक लाकडी खोली आणि तिच्यासमोर पाण्यात उभी रोवलेली, आकडे रंगवलेली मापाची काठी. त्या काठीवर पाणी किती चढलं, किती उतरलं, हे दर अर्ध्या तासाला बघून वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. छत्तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. नंतर पाण्यात यंत्र बसलं, खोलीला कुलूप लागलं. काठी तेवढी राहिली, कारण ती काढायला कुणी वेळ काढला नाही. टर्मिनलच्या आराखड्यात आता ती निघणार होती. तिच्यावरची लाल फुली पट्टीबाईनेच मारली होती. त्या दिवशी अशा चाळीस फुल्या मारायच्या होत्या.

अप्पा आता एकोणऐंशीचे. चहा पिऊन कप खाली ठेवला की ‘आज चहा नाही का?’ म्हणत. आई जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि अप्पांच्या हिशेबी ती बाजारात गेली होती. तीन आठवड्यांपूर्वी तर दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून ते घरातून निघाले ते थेट धक्क्यावर. सुरक्षारक्षकाला ते काठीसमोर बसलेले सापडले, डोक्यावर क्रेनचा आकडा फिरत होता. त्यांना जीपमध्ये मागे बसवून घरी आणून सोडलं.

हे ऐकल्यावर दादाने फोनवरच निकाल लावला. दादा तिचा मोठा भाऊ. समुद्रापासून आठ तासांवरच्या गावात त्याचं चष्म्याचं दुकान होतं, वर घर, खाली दुकान, समोर डॉक्टर. म्हणाला, मी दोन आठवड्यांनी शुक्रवारी येतो आणि रविवारी अकराच्या गाडीने त्यांना कायमचं घेऊन जातो. इकडे निदान पाण्यात तरी पडणार नाहीत. तू दिवसभर कचेरीत, तुझ्या जिवाला घोर. बोलत होता ते सगळं खरं होतं. ती ‘हो’ म्हणाली. पुढचे पंधरा दिवस तिने तो विषय काढला नाही.

दादा येणार त्याच आठवड्यात कचेरीतही घाई होती. टर्मिनलचे अंतिम नकाशे सोमवारी मंजुरीला जायचे होते, आणि त्याआधी शनिवारी एक खरंखुरं जहाज चाचणीसाठी धक्क्याला लागणार होतं. बुधवारी संध्याकाळी तिने सरकत्या पुलाचा मोठा छापील नकाशा घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. हा पूल म्हणजे टर्मिनलचा जीव. भरतीबरोबर जहाज वर चढतं, ओहोटीबरोबर उतरतं, त्याच्यासोबत प्रवाशांचं दारही वरखाली होतं. तेव्हा पुलाचं टोक त्या दाराला धरून वरखाली व्हायला हवं. किती खाली, किती वर, हे ठरलं की पूल बनवायला टाकायचा.

अप्पा उठून टेबलाशी आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी नकाशावर बोट ठेवलं.

“हे दार कुठवर चढणार?”

“सहा मीटरपर्यंत, अप्पा.”

“कुणाच्या शून्यापासून?”

ती हसली. या शहराला दोन शून्यं होती, आणि एकमेकींशी न बोलणाऱ्या जावांसारखी ती शंभर वर्षं एकाच घरात नांदत होती. शहराने आपल्या उंच्या समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजल्या. बंदराने मोजल्या सगळ्यात मोठ्या ओहोटीला पाणी जिथवर उतरतं तिथपासून. शहराला बुडायची भीती, बंदराला तळ घासायची. ज्याची भीती जिथे, त्याचं शून्य तिथे. दोघांत अंतर दोन मीटर चाळीस सेंटीमीटर. कचेरीत नव्या माणसाला पहिल्या दिवशी प्यायच्या पाण्याची जागा दाखवायच्या आधी हे सांगतात. तिने ते शेकडो जणांना सांगितलं होतं. म्हणून ती हसली, आणि म्हणाली, असं काय विचारता, आपल्याच.

“उधाणाला पाणीच चार-नव्वदला येतं,” अप्पा म्हणाले. “दार पाण्याच्या वर साडेतीन. मग सहा कसं?”

तिने मान वर केली. तेवढ्यात ते खिडकीकडे वळून म्हणाले, “तुझी आई अजून कशी आली नाही गं? अंधार पडेल आता.”

झालं. नंतरच्या वाक्याने आधीचं पुसून टाकलं. तिने नकाशा गुंडाळला, अप्पांना खुर्चीत बसवलं, आई येईल म्हणाली.

गुरुवारी सकाळी जिना उतरताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिचे पाय थांबले. चार-नव्वद अधिक साडेतीन. लहान पोरीने बोटांवर करावी अशी बेरीज. आठ-चाळीस. त्यातून सहा वजा केले की राहतात बरोब्बर दोन मीटर चाळीस. खालच्या मजल्यावरच्या बाई दूध घेऊन वर येत होत्या, त्यांनी विचारलं, काही विसरलात का? ती म्हणाली, हो.

कचेरीत जाऊन तिने फाइल उघडली. पूर्वी हाताने काढलेल्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात, कुणाचं शून्य, हे स्वतःच्या अक्षरात लिहायची रीत होती. लिहावं लागे, म्हणून विचार करावा लागे. आता ती ओळ आपोआप छापून येते, त्यामुळे ती सगळ्यांना दिसते आणि कुणीच वाचत नाही. पुलाचा नकाशा वास्तुविशारदाच्या फाइलवरून उचललेला होता. कोपऱ्यातली ओळ तिने पडद्यावर मोठी केली. उंच्या शहराच्या शून्यापासून. पाण्याचा तक्ता शहराचा, धक्क्याची उंची बंदराची, आणि दोन्ही एकाच कागदावर गळ्यात गळे घालून बसलेले. खाली सात सह्या. तयार करणार म्हणून पहिली तिची.

तरी तिचा विश्वास बसेना. तिने छत्री उचलली, कारण ऊन होतं, आणि धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेली. चौदा महिन्यांत ती इथे एकदाही आली नव्हती. यायचं कारणच काय. समुद्र तिच्या पडद्यावर निळ्या रंगात होताच की.

काठीसमोर ती उभी राहिली तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि भरती पूर्ण होत होती. लाट नव्हती. आवाज नव्हता. पाणी नुसतं वर आलं होतं, काठोकाठ भरलेल्या भांड्यासारखं, जाड आणि गप्प. काठीवरचे बरेचसे आकडे त्याने गिळले होते. तिने वाकून वाचलं. चार-साठ. तिच्या तक्त्याप्रमाणे या बंदरात पाणी कधीही अडीचच्या वर जात नव्हतं. म्हणजे चौदा महिने ती ज्या समुद्रावर टर्मिनल बांधत होती तो भलताच कुठला तरी होता, आणि खरा इथे रोज दोनदा येऊन, कुणी बघतंय का याची वाट न पाहता, परत जात होता. तिच्या अंगावर काटा आला. चूक केल्याची भीती होतीच, पण तो काटा त्या भीतीचा नव्हता. हे सगळं पाणी, क्षितिजापर्यंतचं, कुणीतरी खालून उचलून धरल्यासारखं दिसत होतं, आणि त्यापुढे छत्तीस वर्षं रोज एक माणूस हातात वही घेऊन उभा होता, तो तिचा बाप होता.

परत येऊन तिने सगळ्यात आधी काठीवरची लाल फुली काढली. मग साहेबांकडे गेली.

मुख्य अभियंता म्हणजे साहेब. देहाने मोठे, बोलायला कमी, पेनाची टोपणं चावायची सवय. त्यांनी बेरीज ऐकली, कागदावर स्वतः केली, दोनदा केली. दोन मीटर चाळीसने आखूड पूल. सहा हजार प्रवासी दारात उभे आणि पूल त्यांच्या पायांखाली एका माणसाहून जास्त खोल. दातांत टोपण कुरकुरलं.

“कुणाच्या लक्षात आलं?”

“माझ्या वडिलांच्या.”

“जीपमधून आणून सोडले होते ते?”

“तेच.”

साहेब म्हणाले, “शनिवारी त्यांना घेऊन या. जीप पाठवतो.” थोडं थांबून, “या वेळी पुढच्या सीटवर.”

दुरुस्तीच्या रकान्यात चूक कुणाची ते लिहायचं असतं. साहेब म्हणाले, कार्यालयाची म्हणा. तिने स्वतःचं नाव लिहिलं, ठळक.

संध्याकाळी दादाला फोन करून तिने हे सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, तो आता तरी विचार करेल. दादाने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, चांगलं झालं, पण बुधवारी दाराचं बरोबर सांगितलं आणि मंगळवारी गॅस उघडा ठेवला, त्याचं काय? “बारके,” तो म्हणाला. एकोणपन्नास वर्षांच्या बाईला अजून बारकी म्हणणारा जगात तोच एक उरला होता. “बारके, परवा मी फोन केला, तर अप्पा मला म्हणाले, कोण बोलतंय आपण?”

दादाचं दुखणं जुनं होतं. त्याच्या लहानपणी शाळेतलं बक्षीस असो, ताप असो, अप्पा अर्ध्यातून उठून काठीकडे जात. आमचा बाप भरतीने पळवला, असं तो हसत सांगायचा, आणि ते हसणं चष्म्याच्या काचेसारखं होतं, पलीकडचं सगळं दिसायचं.

शुक्रवारी तो दोन तिकिटं आणि एक रिकामी मोठी बॅग घेऊन आला. अप्पांनी दार उघडलं, त्याला नीट बघितलं आणि म्हणाले, “या, बसा. काय काम काढलंत?” दादा बसला.

शनिवारी सकाळी सातला तिघं जीपमधून धक्क्यावर पोचले. अप्पा पुढच्या सीटवर, दोन्ही चपला एकाच जोडीच्या. साहेबांनी लाकडी खोलीचं कुलूप उघडवून ठेवलं होतं, काठीसमोर खुर्ची टाकली होती. पट्टीबाईने आदल्या दिवशी धक्क्याच्या कडेला एक खांब उभा करून घेतला होता. जुन्या नकाशाप्रमाणे दार जास्तीत जास्त जिथवर चढेल ती रेघ तिने खडूने ओढली, ती धक्क्याच्या भिंतीवर, पायांच्याही खाली आली. अप्पांच्या बेरजेची रेघ खांबावर, जमिनीपासून दोन मीटर वर. दादा उंच, तरी त्याच्या डोक्यावर ती वीतभर होती.

समोरच्या टेकडीमागून एक इमारत बाहेर पडली.

पहिल्यांदा सगळ्यांना तसंच वाटलं. इमारत पांढरी होती आणि तिला शेकडो खिडक्या होत्या, आणि ती चालत होती. तिच्यामागून तिचंच आणखी निघत राहिलं, निघत राहिलं, टेकडी संपली तरी ती संपेना. दोन टग बोटी तिला नाकाने ढकलत होत्या, लग्नाच्या कपड्यातल्या बाईला तिची मुलं ढकलत नेतात तशा. ज्या क्रेनखाली ही सगळी माणसं जन्मभर वावरली, ज्यांच्यापुढे मान वर करून टोप्या पडायच्या, त्या क्रेन तिच्यापुढे काड्या झाल्या. मग तिची सावली धक्क्यावर चढली, माणसांवरून सरकत गेली आणि एकदम गार वाटलं. साहेबांच्या तोंडात टोपण तसंच होतं, चावायचं राहून गेलं. दादाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग पुन्हा काढला.

पट्टीबाईने हे जहाज रेषेत काढलं होतं, त्याची प्रत्येक लांबी-रुंदी तिला पाठ होती. आणि आज तिला कळलं की आपल्याला त्याच्यातलं काहीच माहीत नव्हतं.

दोर बांधून झाले. प्रवाशांचं दार तेव्हा खाली होतं, धक्क्याच्या काठावरून वाकून बघावं लागे. अप्पांनी जहाजाकडे एकदाच बघितलं, ‘बरंय’ म्हणाले, आणि काठीकडे तोंड करून बसले. वहीसाठी त्यांचा हात खिशात गेला, रिकामा बाहेर आला. पट्टीबाईने पर्समधली वही काढली. पण अप्पांनी ती जवळ उभ्या असलेल्या माणसाकडे दिली, कारण तो रिकामटेकडा दिसत होता. तो दादा होता.

“लिही,” अप्पा म्हणाले. “सात पस्तीस. शून्य सत्तर.”

दादाने बहिणीकडे बघितलं. मग लिहिलं.

पुढे ते चालूच राहिलं. आठ पाच, एक शून्य पाच. आठ पस्तीस, एक पन्नास. अप्पा घड्याळ बघत नव्हते आणि वेळ चुकत नव्हते. जहाज हललेलं कुणालाच दिसलं नाही. दर वेळी बघावं तर दार आणखी वर. साडेनऊच्या सुमारास उंबरठा जुन्या रेघेवरून वर गेला आणि थांबला नाही. अकराला तो दादाच्या छातीशी होता. दीड लाख टनांचं ते धूड, त्यातली माणसं, पलंग, पाण्याचे हौद, सगळं घेऊन वर निघालं होतं, आणि एवढ्या उचलण्याला काहीही आवाज नव्हता. नुसते दोर अधूनमधून कण्हत.

“एवढं वजन,” दादा स्वतःशी म्हणाल्यासारखं म्हणाला, “उचलतं कोण?”

“कुणी नाही,” अप्पा म्हणाले. “पाणी येतं.”

साडेबाराला उंबरठा त्याच्या डोक्यावर गेला. छापील तक्त्यात भरतीची वेळ बारा चौतीस होती. चौतीस झाले, साहेब शिडीकडे निघाले. अप्पांनी हात वर करून त्यांना थांबवलं. डोळे मिटून ते ऐकत होते. धक्क्यावर शे-दीडशे माणसं उभी होती, त्यांतलं कुणी खोकललंही नाही. दोरांचं कण्हणं थांबलं. काठीभोवतीची गवताची काडी गोल फिरत होती, ती स्थिर झाली.

“आता,” अप्पा म्हणाले.

बारा एक्केचाळीस. साहेब स्वतः शिडीवर चढले, टेप लावला. खांबावरच्या रेघेला उंबरठा दोन सेंटीमीटर कमी होता.

“वारा जमिनीकडून आहे ना,” अप्पा म्हणाले, जणू दोन सेंटीमीटरचं देणं त्यांच्याच अंगावर होतं.

साहेब शिडीवरून उतरले, हात पुसले, आणि दोन्ही हातांनी अप्पांचा हात धरून काही क्षण तसेच उभे राहिले. अप्पांना ते आवडलं नाही. त्या हाताने त्यांना पुढचा आकडा दाखवायचा होता. तो हात सोडवून घेऊन त्यांनी मान वर केली, अठरा मजले हळूहळू वर बघत गेले, आणि दादाला विचारलं, “हे जहाज कधी आलं?”

“सकाळी, अप्पा.”

“केवढं आहे.”

“हो ना.”

ते आश्चर्य इतकं ताजं होतं की दादाने पुन्हा त्यांच्याबरोबर वर बघितलं, पहिल्यांदा बघितल्यासारखं. पट्टीबाई त्या दोघांच्या मागे उभी होती. दोघांच्या माना सारख्याच तिरक्या होत्या.

वही अजून दादाच्याच हातात होती. त्याने पानं चाळली. अक्षर त्याचं होतं, आकडे अप्पांचे. शर्टाच्या खिशातून रविवारच्या तिकिटांची कोपरं बाहेर आली होती, ती तिला दिसत होती, आणि तिने त्याला काहीही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला उत्तर द्यावं लागलं असतं.

“उद्या दीडला,” अप्पा म्हणाले. “आजच्यापेक्षा तीन-चार बोटं कमीच चढेल. लिहायला कोण आहे?”

दादाने पाण्याकडे बघितलं. ते आता उतरायला लागलं होतं की नव्हतं, हे सांगता येत नव्हतं.

“मी आहे,” तो म्हणाला. मग बहिणीकडे न वळता, “बारके, अकराची गाडी जमणार नाही गं. दीड झाल्यावर निघू. तीनची एक असते बहुतेक.”

“असते,” ती म्हणाली.

परवा भरती सव्वादोनला होती, तेरवा तीनला, त्याच्यापुढे पावणेचारला. रोज पाऊण तास पुढे, आणि गाडी मात्र तीनचीच. हे तिला माहीत होतं. दादाचंही गणित पहिल्यापासून चांगलं होतं. त्याने पेनाचं टोपण काढलं आणि कोऱ्या पानावर उद्याची तारीख घातली.